माझ्याच बांधावर सावलीला बंदी

"जमीन सोलार प्रकल्पाला भाड्याने द्या" म्हणत गावोगाव फिरणारे एजंट कसे असतात ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत होतं. तरी फसलो. मी अडाणी नाही हो, पतसंस्थेत २२ वर्षं गहाणखतं तपासली आहेत. म्हणून जास्त लाज वाटते.

सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दर माझ्याकडे आलेल्या एजंटाने बरोबर सांगितला: वर्षाला हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी ५० हजार भाडं, वर्षाला ३ टक्के वाढ. आकडा खरा निघाला म्हणून माणूसही खरा धरला. माझं सव्वादोन एकर कोरडवाहू, सबस्टेशन जवळच. मोजणी, सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी), स्टॅम्प असं करत ३५,४०० रुपये नेले. सहीच्या दिवशी २१,००० चा चेक दिला, "हा ॲडव्हान्स." समोरचाच पैसे देतोय म्हटल्यावर कोणाला शंका येईल?

यायला हवी होती. नोंदणीच्या वेळी अंगठा देताना ऑपरेटर म्हणाला, "काका, हा भाडेपट्टा नाही, सुविधा हक्काचा दस्त आहे. माहितीये ना?" मी तोंड उघडायच्या आत एजंट बोलला, "सोलारला असंच असतं." आणि मी मान डोलावली! मागे रांग, चष्मा घरी राहिलेला. ती मान आठवली की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

दस्तात काय? सुविधा हक्क म्हणजे जमीन माझी, वापर दुसऱ्याचा. बांधालगत २० फूट पट्ट्यातून रस्ता आणि केबल, कायमची. उरलेल्या रानात पॅनेलवर सावली पडेल असं झाड नाही, बांधकाम नाही. पॅनेल उत्तरेच्या शेजाऱ्याकडे, भाडंही त्यालाच. २१,००० हाच माझा पूर्ण मोबदला. म्हणजे माझ्या जमिनीवर बोजा चढवायला मीच पदरचे १४,४०० घातले. उद्या विकली तरी हा हक्क घेणाऱ्याच्या गळ्यात. मसुदा आदल्या दिवशी घरी मागा. देत नसेल तर उठून या.

पोलीस म्हणतात, "सही तुमचीच ना? मग दिवाणी मॅटर." नोंदणीवाले म्हणतात, आम्ही नोंदवतो, मजकूर तपासत नाही. तलाठ्याकडे चार खेपा झाल्या. फेरफारावर १५ दिवसांत हरकत घ्यायची असते हे त्यांनी चौथ्या खेपेला सांगितलं, तोवर सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद लागलेली. वर मलाच, "वाचून सही करायची ना काका." फेरफाराची नोटीस आली तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या, पोच घ्या. दस्त रद्द करायचा दावा फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. वकिलाने ४०,००० सांगितलेत.

काल सोलारवाल्यांचा माणूस बांधावर आला. आईने लावलेले ११ शेवगे मोजले आणि म्हणाला, "हे आठ दिवसांत काढा."