आरटीएक्स ५०६० की आरएक्स ९०६० एक्सटी?

भाऊ, जुन्या ग्राफिक्स कार्डावर रे ट्रेसिंग (गेममधला उजेड, सावल्या, प्रतिबिंबं खऱ्यासारखी दाखवणं) चालू केलं की गेम रांगतो, म्हणून जळगावात बरेच जण ह्या दोन कार्डांत, एनव्हिडियाचं ५०६० की एएमडीचं ९०६० एक्सटी, अडकलेत. ५०६० ला डीएलएसएस ४ आहे (एआयने छोटं चित्र मोठं करून गेम पळवणारं तंत्र), ते लई गेम्समध्ये चालतं अन् चित्र एकदम स्वच्छ येतं, पण मेमरी ८ जीबीच, आणि रे ट्रेसिंग, फ्रेम जनरेशन (मधली चित्रं कार्डानेच बनवून टाकणं) दोन्ही मेमरी खातात, ती भरली की झटके सुरू. ९०६० एक्सटी १६ जीबीत मिळतं (८ वालं पण आहे, ते घेऊच नका), त्याचं डीएलएसएससारखंच तंत्र एफएसआर ४ एआयवर चालतं म्हणून आधीपेक्षा खूप सुधारलंय, फक्त गेम्स कमी. लाँचला ५०६० २९९ डॉलरला, १६ जीबीवालं ९०६० एक्सटी ३४९ ला. वॅट १४५ आणि १६०, भुसावळच्या मे महिन्यात दोघांनाही कॅबिनेटमध्ये खेळती हवा पाहिजेच. चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर मी १६ जीबीच घेईन.