आंब्याचं लाकूड, नऊ महिन्यांनंतर: मैद्याचा हिशेब

"अगं, हा मैदा कुठून सांडतोय?" सासूबाईंनी केर काढताना विचारलं, तेव्हा मी आधी स्वयंपाकघरातले डबे तपासले. मैदा टीव्हीखालच्या कपाटावर होता आणि त्या कपाटावर माझी कमळाची पाटी. फेब्रुवारीत आंब्याच्या लाकडात कोरलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून झालेली. उचलून पाहिली तर मागे टाचणीच्या टोकाएवढी ११ भोकं. जरा आपटली की प्रत्येक भोकातून चिमूटभर पीठ. मैदा कसला, भुंग्याने पोखरलेलं लाकूड.

म्हणून हे लिहायला घेतलं. कोरीवकामाच्या सरावाला आंबा घ्या, आंबा घ्या, असं जानेवारीत मीच सांगत सुटले होते आणि माझ्या शब्दावर दोघींनी वखार गाठली होती.

दिवाळीत कोरायला सहा पटाश्या घेतल्या. लाकूड म्हणून पहिल्यांदा ऑनलाइन ठोकळे मागवले: दहा नग, १२०० रुपये, 'सरावासाठी खास'. हाताला गार लागत होते तेव्हाच कळायला हवं होतं की ओले आहेत. पंधरा दिवसांत सात ठोकळ्यांना टोकाकडून चिरा. विक्रेत्याचं उत्तर आलं, लाकूड ही नैसर्गिक वस्तू आहे. काकडीही नैसर्गिकच असते, पण कडू निघाली तर आमचा भाजीवाला दुसरी देतो. पैसे परत मिळाले नाहीत.

त्या रागात जळाऊ लाकडाच्या वखारीत गेले. तिथे आंबा ९ रुपये किलो. १४ किलोंचे १२६ रुपये. (त्यातले बरेचसे पाण्याचे, कारण दोन महिन्यांनी तेच तुकडे साडेआठ किलो भरले.) वखारवाल्याने करवतीवर फळ्या पाडून दिल्या, त्याचे ५० वेगळे. ओलसर आंब्यावर पटाशी चालवायची मजा काही औरच, ढलपी दुधीच्या सालीसारखी सलग निघते. सुकल्यावर मात्र त्याच्या रेषा उलटसुलट धावतात आणि धार जराशी गेली की तंतू उपटून येतात. त्याचं मला काही वाटलं नाही, उलट धार लावायची शिस्त लागली. टोकांना वितळलेलं मेण फासलं की चिरा कमी पडतात, हेही इथेच शिकले.

पण भुंगा. त्याला लाकूड नकोच असतं, लाकडातला स्टार्च हवा असतो आणि आंब्याच्या फिकट लाकडात तो भरपूर. मादी लाकडाच्या उघड्या, बारीक छिद्रांत अंडी घालते, अळी आतल्या आत खात राहते, आपल्याला कळतं ते पिल्लं मोठी होऊन भोक पाडून बाहेर पडल्यावर. तेल किंवा पॉलिशने छिद्रं बुजली असतील तर तिला अंडी घालायला जागा सापडत नाही. माझ्या पाटीच्या पुढच्या बाजूला पॉलिशचे तीन हात होते. मागे एकही नाही, कारण पाठ कोण बघतंय म्हणून मी पॉलिश वाचवलं होतं. वाचले असतील वीसेक रुपये.

मग पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळकुटांच्या, पाइनकडे वळले. पुण्याजवळ भोसरीच्या बाजूला भंगारवाल्यांकडे मोडके पॅलेट मिळतात, फळीला ३० रुपये पडले. त्यांवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो, त्यात एचटी किंवा एमबी लिहिलेलं. एमबी म्हणजे विषारी वायूची धुरी, ते घरात आणू नका. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं ठेवून आतली कीड मारलेली. तसंही पाइनला हा मैदेवाला भुंगा लागत नाही. कोरायला मात्र वैताग. एक रेघ मऊ, दुसरी कडक. मऊ भाग दबतो, कडक भाग फटकन उडतो. एका गुलाबाच्या चार पाकळ्या उडाल्या, शेवटी त्याची सदाफुली केली. खिळे काढताना एका पटाशीचं तोंड गेलं ते वेगळंच.

इथवर लिहून आंब्याला शून्य द्यायचं ठरवलं होतं. पण शिक्क्यावरचे ते ५६ अंश डोक्यातून जाईनात. भट्टी नाही, गॅस तर आहे ना? उरलेल्या आंब्याचे तुकडे पुरणाच्या मोठ्या पातेल्यात तासभर उकळले. पाणी चहासारखं झालं आणि सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते तुकडे सावलीत हळूहळू वाळवले आणि मुद्दाम काळ्या कागदावर मांडून ठेवले, पीठ पडलं तर दिसावं म्हणून. अडीच महिने झाले, कागद काळाच आहे. न उकळलेला एक तुकडा शेजारी ठेवला होता, त्याच्याखाली आठव्या दिवशी रांगोळी.

उकळायचं नसेल तर एक भाग बोरिक पावडर (कॅरमवर टाकतो तीच) आणि दीड भाग टाकणखार (बोरॅक्स) गरम पाण्यात विरघळवून ओलं लाकूड त्यात बुडवून ठेवतात. मी ते फक्त पाट्यांना करते, जेवणाच्या चमच्यांना नाही.

सागाचे तुकडे शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू होतं तिथून फुकट मिळाले. दिसायला छान, पण सागात वाळूसारखा अंश असतो, तो धार खातो. दर दहा मिनिटांनी दगडावर बसायला मला वेळ नाही.

आणि शिवण, म्हणजे त्या नावाच्या झाडाचं लाकूड. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये कटपीसची पिशवी ३०० रुपयांना मिळाली, साधारण सहा किलो. आयुर्वेदाच्या दशमुळातली गंभारी ती हीच. हलकी, फिकट, वाळल्यावर फारशी वाकत नाही आणि रेषा आडवी छेदली तरी कडा स्वच्छ राहते. तक्रार करायला काही सापडत नाही, म्हणून तिच्याबद्दल एवढंच. ज्यांना पन्नास रुपये किलो परवडतं त्यांनी सरळ शिवण घ्यावी.

मी सोमवारी वखारीत जाणार आहे, आंब्यासाठी. वेगळं पातेलं रविवारी जुन्या बाजारातून आणलं, अडीचशेला. हे म्हणाले, पातेलं, गॅस आणि करवत धरली तर तुझा आंबा शिवणीच्या भावाला टेकतो. पातेलं मी धरत नाही.