स्लिपवर पीएफ, पासबुकात काहीच नाही

घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमध्ये बर्गरच्या दुकानात मी कामाला होते. कधी काउंटर, कधी फ्रायर. पाटी मोठ्या ब्रँडची, पगार देणारा फ्रँचायझीवाला मात्र वेगळाच. मुलाखतीत म्हणाले, "बेसिक १५,०००, वर पीएफ, ईएसआयसी." हातात यायचे १०,६००.

सगळा खेळ पगाराच्या स्लिपवर असतो. पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८००, आपल्या पगारातून जातात आणि तेवढेच मालकाने स्वतःचे घालायचे असतात. माझ्या स्लिपवर कपात ३,६००! ईएसआयसी म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. त्यात आपले ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. तेही दोन्ही मिळून ६०० माझेच कापले. मालकाचा हिस्सा आपल्या पगारातून कापता येत नाही, कायदाच आहे. एचआरचं पाठ केलेलं उत्तर: "सीटीसीत धरलंय." म्हणजे कंपनीच्या माझ्यावरच्या एकूण खर्चात. शिवाय प्रोफेशनल टॅक्सचे २००. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो लागतच नाही!

एवढं कापून निदान भरायचं तरी. क्लोजिंग शिफ्टला फ्रायरचं तेल हातावर उडालं. मॅनेजरने टूथपेस्ट चोळली आणि मशीन धुऊन जा म्हणाला. दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटच्या ईएसआय रुग्णालयात गेले तर नोंदणीच सापडेना. कामावर इजा झाली की रजेच्या दिवसांचे पगाराच्या साधारण ९० टक्के ईएसआयसी देते. मला बिनपगारी रजा. त्याच रात्री उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडलं. माझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, जुन्या नोकरीतला. तिथले हप्ते दिसत होते, या दुकानाचा एकही नव्हता. बाकीच्या क्रूला पाहायला सांगितलं. काहींचा तर यूएएनच काढलेला नव्हता.

पीएफच्या तक्रार पोर्टलवर स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जोडून तक्रार टाकली. ब्रँडवाल्यांनी हात वर केले. फ्रँचायझीवाल्याचा मात्र लगेच फोन, एरवी महिनोन्‌महिने न उचलणारा माणूस: "थोडे रोख घे, हिशोब चुकता झाला म्हणून सही कर." केलेली नाही. तक्रार अजून चालू आहे.

तुमच्याकडे स्लिपा व्हॉट्सॲप ग्रुपवर येत असतील तर आजच उतरवून घ्या. राजीनामा दिला की पहिल्यांदा ग्रुपमधून काढतात.