क्वीझी, नॉशस की अनईझी? ‘कसंतरी होतंय’साठी नेमका इंग्रजी शब्द

‘मला कसंतरी होतंय’ असं कुणी म्हटलं की आपण आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. पोटात काही होतंय की मनात, हे तेवढ्यावरून कळत नाही. इंग्रजीत या वाक्याच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द म्हणजे ‘क्वीझी’ (queasy). तोही पोट आणि मन दोन्हीकडे चालतो. तरी आपल्या तोंडी पटकन येतं ते ‘आय ॲम फीलिंग व्हॉमिटिंग’. ‘उलटीसारखं होतंय’चं ते शब्दशः इंग्रजी आहे आणि ते चुकीचं आहे. ‘आय फील लाइक व्हॉमिटिंग’ बरोबर, पण ते उलटी अगदी घशाशी आली असेल तेव्हा. त्याच्या अलीकडची जी अवस्था, ती क्वीझी.

वळणावळणाच्या रस्त्यावर गाडीत मागे बसून मोबाइल वाचणाऱ्या माणसाकडे बघा. डोळ्यांना सगळं स्थिर दिसतंय, पण कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतंय की आपण हलतोय. मेंदूला या दोन निरोपांचा मेळ लागत नाही. जांभया येतात, कपाळावर गार घाम येतो, तोंडात पाणी जमा होतं पण ते भुकेचं नसतं, आणि पोटात ढवळायला लागतं. खिडकी उघडून दूर नजर लावली तर कदाचित निवळेलही. इथे ‘आय फील अ बिट क्वीझी’ चपखल बसतं. क्वीझीला ‘अ बिट’ फार शोभतं, कारण मुळात तो शब्द सौम्य आहे.

खरा गोंधळ ‘नॉशस’ (nauseous) या मळमळीच्या विशेषणाचा. मराठीत ‘मला मळमळतंय’ या वाक्यात कर्ता शोधायची गरजच पडत नाही. इंग्रजीत विशेषण कुणाला तरी चिकटवावं लागतं: मळमळ होणाऱ्या माणसाला, की मळमळ आणणाऱ्या वासाला? जुना कडक नियम सांगतो की वास तो नॉशस आणि माणूस तो नॉशिएटेड. त्या हिशेबाने ‘आय ॲम नॉशस’ म्हणजे ‘मला बघून लोकांना मळमळतं’! आज बोलण्यात हा नियम फारसं कुणी पाळत नाही. मेरियम-वेबस्टरसारखा शब्दकोशही माणसाला नॉशस म्हणणं योग्यच मानतो. माझं मत विचाराल तर बोलताना बिनधास्त नॉशस म्हणा. परीक्षेत किंवा औपचारिक लेखनात मात्र माणसाला नॉशिएटेड आणि वासाला नॉशिएटिंग लिहा, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही. डॉक्टरांना सांगतानाही ‘नॉशिया’ (मळमळ) हाच सरळ शब्द, आणि सोबत कधीपासून, किती वेळा हे सांगावं.

या ‘नॉशिया’च्या मुळाशी जहाजासाठीचा ग्रीक शब्द आहे, म्हणजे समुद्रावर लागते ती मळमळ. त्या ग्रीक शब्दाचं आणि आपल्या ‘नौका’चं मूळ एकच! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा केवढा आनंद झाला होता.

‘सिक’बद्दल एवढंच लक्षात ठेवा की ब्रिटिश इंग्रजीत ‘आय फील सिक’ म्हणजे सहसा मळमळ आणि ‘आय वॉज सिक’ म्हणजे बऱ्याचदा उलटी झाली. अमेरिकेत सिक म्हणजे मुख्यतः आजारी.

आता मनाकडे वळू. समजा, ऑफिसात कुणी तुमच्यापुढे मागची तारीख टाकलेला कागद ठेवला आणि सही करा म्हणालं. पेन हातात आहे, पण पोटात काहीतरी आवळल्यासारखं होतंय. ‘आय फील क्वीझी अबाउट साइनिंग धिस.’ शब्दयोगी ‘अबाउट’च हवा, ‘ऑफ’ नको. इथे ‘अनईझी’ (uneasy, म्हणजे अस्वस्थ) चुकीचं नाही, पण ते फिकं पडतं. अनईझी कशानेही होता येतं. रात्री कुणी वेळेत घरी आलं नाही तरी होता येतं. क्वीझीमध्ये त्या कृत्याची किळस मिसळलेली असते.

‘स्क्वीमिश’ (squeamish) मात्र इथे वापरू नका. तो माणसाच्या स्वभावाला लागतो: रक्त पाहवत नाही, सुई बघून डोळे मिटतात, असा नाजूक माणूस. ‘डोन्ट बी स्क्वीमिश’ हा टोमणा म्हणून ऐकू येतो. सही करायला स्क्वीमिश म्हटलं की दोष तुमच्या नाजूकपणाकडे येतो. क्वीझी म्हटलं की तो कागदाकडे जातो. माझ्या लेखी या सगळ्यातला हाच फरक सगळ्यात मोलाचा.

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीतून मराठीत आणताना, एक खड्डा आहे. क्वीझी म्हणजे मळमळ, म्हणून मनाच्या अर्थाला ‘मनातली मळमळ’ लिहायचा मोह होतो. पण आपल्याकडे मनातली मळमळ म्हणजे साठलेला राग, आकस, जो एखादा बाहेर ओकतो. क्वीझीत राग नाही. ‘शिसारी’ फार तीव्र होते. ‘मनाला प्रशस्त वाटत नाही’ अर्थाने जवळ जातं, पण त्यात पोट कुठेच येत नाही. म्हणून त्या कागदाच्या प्रसंगी मी तरी ‘सही करताना कसंतरीच होतंय’ असंच लिहीन.