लग्न लाईव्ह दाखवणारा उत्तम, त्याचं 'कमाई पॅकेज' मात्र नको

चिपळूणजवळच्या एका कार्यालयात मे महिन्यात माझ्या भाचीचं लग्न झालं. ते युट्यूबवर लाईव्ह दाखवायचं काम तालुक्यातल्याच एका फोटोग्राफरला दिलं होतं. त्याच्याशी बोलणी मी केली, म्हणून हा अभिप्राय.

काम पहिल्या दर्जाचं. आमच्याकडच्या कार्यालयांत सकाळी नेटवर्क छान असतं आणि वऱ्हाड येऊन चार-पाचशे मोबाईल उघडले की ठप्प होतं. या मुलाने आदल्या दिवशी येऊन कार्यालयाच्या ऑफिसातल्या फायबरची केबल स्टेजपर्यंत ओढली. शिवाय दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं राखीव ठेवली. भटजींच्या उपरण्याला माईक लावला आणि तो आवाज थेट मिक्सरमध्ये घेतला. लाईव्ह लग्नात चित्र थोडं अडकलं तर चालतं, मंगलाष्टकं ऐकू आली नाहीत तर बघणारा उठून जातो. गुडघ्यांमुळे घरीच थांबलेल्या माझ्या आईने टीव्हीसमोर बसून 'सावधान'ला अक्षता टाकल्या. कुवेतला रविवार कामाचा असतो, म्हणून धाकट्या भावाला दुपारी बघता आलं नाही. त्याने रात्री खोलीवर रेकॉर्डिंग बघितलं, अगदी लाजाहोम आणि सप्तपदीसकट.

एक गोष्ट खटकली. पंगत बसल्यावर कॅमेरा जेवणाऱ्यांच्या तोंडासमोरून फिरायला लागला. मी सांगितल्यावर त्याने लगेच बंद केला, पण हे त्याला आधीच कळायला हवं होतं.

आता पॅकेज. साध्या लाईव्हचे त्याने बारा हजार सांगितले. आणि म्हणाला, "काकू, माझ्या चॅनलवर लावू द्या, तीन हजार कमी घेतो, वर जाहिरातींचे निम्मे पैसे तुमचे. लग्नाचा खर्च लग्नच काढेल." बोलणं गोड होतं. मी हिशेब मांडला.

युट्यूबवर जाहिरातींचे पैसे मिळायला चॅनलचे १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचं बघणं लागतं, किंवा मग ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचे, एक कोटी व्ह्यूज. कुटुंबाच्या नव्या चॅनलला हे कुठून जमणार? म्हणून त्याचं चॅनल. म्हणजे लग्न सगळ्या जगाला उघडं, व्हिडिओ कायमचा त्याच्या ताब्यात आणि त्यातून किती आले हे बघण्याची सोयही फक्त त्याच्याकडे. त्यात वरातीला बँडवर सिनेमाचीच गाणी वाजणार. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ने लग्नसमारंभात गाणी वाजवायला मुभा दिली आहे, केंद्राने जुलै २०२३मध्ये पत्रक काढून ते स्पष्टही केलं. पण युट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. मग जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळू शकतात, किंवा लाईव्ह चालू असतानाच मधे बंद पडू शकतं. तीन हजारांसाठी हा धोका मी घेतला नाही. आमची लिंक अनलिस्टेड ठेवली, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल अशी, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, आणि चॅटमध्ये फक्त आपली माणसं राहिली. मुंबईकर विचारत होते, "तो निळ्या शर्टातला कोण रे?" आणि मांडवातून उत्तरं जात होती.

त्याचा दुसरा मुद्दा सुपर चॅटचा होता, बघणाऱ्यांनी चॅटमध्ये पैसे पाठवायचे. त्यातले ३० टक्के युट्यूब ठेवतं आणि बाकीचे ज्याचं चॅनल त्याला मिळतात. माझ्या भाचीच्या आहेरातला वाटा मी एका कंपनीला का द्यावा? व्हिडिओखाली आम्ही भाचीच्या खात्याचा यूपीआय क्यूआर दिला. क्यूआर वधूचा किंवा वराचाच द्या, कारण लग्नानिमित्त आलेल्या भेटींवरची आयकराची सूट लग्न करणाऱ्यालाच असते. जाहिरातींचे पैसे हे उत्पन्न धरलं जातं.

आहेर बराच आला. फोटोग्राफर खूश होऊन म्हणाला, "बघा, झाली ना कमाई!" ही कमाई नव्हे. वहिनीने त्याच संध्याकाळी मोबाईल समोर घेऊन एकेक नाव आणि रक्कम आहेराच्या वहीत उतरवली. विरारच्या मावशीने पाचशे एक पाठवले, तर तिच्या नातीच्या लग्नात आम्ही तेवढे तरी करणारच. हे पैसे उद्या परत जायचेत. त्यांना उत्पन्न म्हणून पॅकेज विकणं मला अजिबात पटत नाही, आणि नातेवाइकांना 'व्ह्यूज' म्हणून मोजणं तर त्याहून नाही.

साध्या लाईव्हसाठी हा मुलगा डोळे झाकून सांगावा असा आहे. बारा हजार मला योग्य वाटले. ठरवताना तीन गोष्टी लेखी घ्या: लिंक अनलिस्टेड, भटजींना वेगळा माईक, आणि मूळ रेकॉर्डिंग आठवड्याच्या आत पेनड्राइव्हवर. आम्हाला चौथ्या दिवशी मिळालं.