गुडघ्यावर वाकवलेल्या पाइपचे ९,८०० रुपये

लाज वाटतेय लिहायला, कारण सोसायटीत कुणाची गाडी बिघडली की लोक मलाच विचारतात, आणि टोपी मलाच घातली गेली. बाबांची ९८ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास यायला लागला म्हणून वाकून बघितलं तर टाकीकडून पुढे येणारा लोखंडी पाइप मागच्या चाकापाशी गंजून ओला झालेला. ठाण्यात वागळेच्या बाजूला एका गल्लीतला गॅरेजवाला म्हणाला, "साहेब जुगाड नको, कंपनीचा बेंड मारलेला तयार पाइप दिल्लीहून मागवतो." ९,८०० रुपये. ५,००० ॲडव्हान्स यूपीआयने, ४,८०० गाडी घेताना कॅश. पक्कं बिल मागितलं तर "मग टॅक्स लागेल", आणि मी गप्प बसलो. (पक्कं बिल घ्याच, टॅक्स गेला खड्ड्यात.)

दिल्लीचा माल, पार्सल अडकलंय, उद्या येतं, हे सगळं तुम्हाला माहितीय. मला खुपतंय ते वेगळंच. घ्यायला गेलो तेव्हा गाडी अजून जॅकवर होती, टॉर्च मारून पाइपवर बोट फिरवलं तर बोट काळं. ओला रंग! दिल्लीहून आलेल्या पाइपचा रंग ओला कसा असेल हो? आणि ॲक्सलवरून वळतो तिथे आतल्या अंगाला सुरकुत्या, बाहेरून चपटा, नारळपाण्याची स्ट्रॉ मुडपते तसा पिचकलेला. मी विचारलंसुद्धा. "डिझाइनच तसं असतं साहेब." शेजारच्या पोऱ्याच्या पँटला उजव्या गुडघ्यावर तोच काळा डाग, आणि अख्ख्या गॅरेजात पाइप बेंडर, म्हणजे पाइप वाकवायचं हत्यार, कुठेच नाही. सगळं समोर होतं आणि मी काय केलं, तर ४,८०० मोजून दिले. आता हसाल, पण बाहेर धो धो पाऊस, आईची डॉक्टरकडची वेळ टळत चाललेली, तुम्हीही दिले असते.

तिसऱ्या दिवशी घोडबंदरला गायमुखच्या चढावर गाडी आचके द्यायला लागली. सपाटीला ठीक, आयडलला ठीक, रेस दिली की पेट्रोल कमी पडतं. गायमुखला बंद पडणं म्हणजे काय ते ठाणेकरांना सांगायला नको. टोइंगचे १,८००.

कळव्याच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने तो पाइप कापून हातात दिला, आत तांबं! एसीचा पाव इंची पाइप, वरून काळा स्प्रे, ८ एमएमच्या होजमध्ये (रबरी नळीत) ढिला पडतो म्हणून टोकाला टेप गुंडाळून क्लिप आवळलेली. तांबं वाकतं पटकन, पण गाडीच्या थरथरीने कडक होतं आणि चिरतं. खिशात चुंबक ठेवा, स्टीलला चिकटतो, तांब्याला नाही, दोन सेकंदांचं काम. या म्हाताऱ्याने नव्या पाइपसाठी आधी जाड तारेचा साचा करून गाडीखाली लावून बघितला, मग ८ एमएमच्या खोबणीचा बेंडर घेऊन सावकाश वळवला, वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या निदान तिप्पट ठेवून. बेंडर नसेल तर कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडं बंद करून वाकवतात म्हणाला, पण मग ती कणन्‌कण धुवून काढावी लागते, नाहीतर कार्बोरेटरची वाट. ३,६५० रुपये, बिलासकट. म्हणजे माझे एकूण १५,२५० गेले. आणि हो, मूळचा गंजलेला पाइप गॅरेजवाल्याकडे सोडू नका, मी सोडला, आता आधी काय होतं ते दाखवायला काही नाही.

चौकीत गेलो तर साहेब विचारतात, "पाइप बसवला का?" बसवला. "मग फसवणूक कुठे?" वर गॅरेज आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. तिकडच्यांनी सिव्हिल मॅटर म्हणून परत पाठवलं. दोन अर्ज, चार झेरॉक्स, अडीच तास बाकावर, तेवढ्यात एकाने माझ्याचकडून सेकंडहँड गाडीचा सल्ला घेतला. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. ऑनलाइन तक्रार टाकली, नऊ दिवसांनी मेसेज, "समाधानकारकरीत्या निकाली". कोणाचं समाधान झालं ते तरी कळवा!

परवा त्याच गल्लीतून गेलो. जॅकवर पांढरी झेन, मालक बाजूला चहा पीत उभा. डिकीतून तो कापलेला तुकडा काढून त्याला दाखवला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नाही हो, माझा पेट्रोलचा नाही, ब्रेकचा पाइप बदलतायत."