कॉलेज व्हॉलीबॉलची फायनल फोर बघायला कुठल्या शहरात जावं? ओमाहा, लुइव्हिल, कॅन्सस सिटी की टॅम्पा

लेक क्लब व्हॉलीबॉल खेळते, तिला एकदा कॉलेजची फायनल फोर प्रत्यक्ष दाखवायचीय, मग कुठलं शहर धरायचं, हा प्रश्न अमेरिकेतल्या आपल्या आईबापांना हमखास पडतो. एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन वनची, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाची, महिलांची फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीमच्या सेमी आणि फायनल, दरवर्षी वेगळ्या शहरात असते, शहरं त्यासाठी बोली लावतात आणि निर्णय काही वर्षं आधीच होतो, त्यामुळे यंदा जायचं की पुढच्या खेपेला एवढं तरी आपल्या हातात असतं. शहराशहरांत फरक खूप आहे आणि तो नुसता हॉटेल-हवामानाचा नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, कुठल्या चार टीम येणार हे जेमतेम चार-पाच दिवस आधी कळतं. रीजनल फायनल, म्हणजे या चार टीम ठरवणाऱ्या मॅच, शनिवार-रविवारी, सेमी गुरुवारी आणि फायनल लगेच त्या रविवारी. नाताळच्या तोंडावर एवढ्या कमी दिवसांत विमानाची तिकिटं काढायला गेलं की खिशाला कात्रीच लागते, कॉलेजच्या पोरांचं तर विचारूच नका. म्हणून माझ्या मते यजमान शहराची पहिली परीक्षा ही, की कुठलीही टीम आली तरी गाडी काढून येतील अशी व्हॉलीबॉलवेडी माणसं पाच-सहा तासांच्या टप्प्यात किती राहतात. अरीना किती झकास, विमानतळ केवढा, हे सगळं त्यानंतर.

या परीक्षेत ओमाहा सगळ्यांच्या पुढे आहे. नेब्रास्का विद्यापीठाचं लिंकन तिथून तासाभरावर, आणि लिंकनमध्ये ३० ऑगस्ट २०२३ ला फुटबॉल स्टेडियममध्ये कोर्ट टाकून मॅच ठेवली तर ९२,००३ लोक आले होते, व्हॉलीबॉलला! ओमाहात फायनल फोर २००६, २००८, २०१५ आणि २०२२ ला झाली, शिवाय कोविडमुळे लांबलेल्या २०२० च्या सीझनला एप्रिल २०२१ मध्ये ४८ च्या ४८ टीम याच शहरात खेळवल्या. अरीना आणि कन्व्हेन्शन सेंटर एकाच इमारतीत आहे आणि हे वाटतं त्यापेक्षा फार महत्त्वाचं आहे, कारण देशभरातल्या व्हॉलीबॉल कोचेसचं वार्षिक अधिवेशन त्याच आठवड्यात त्याच शहरात भरतं. हायस्कूलमधली मुलगी सोबत असेल तर तिच्यासाठी हेही बघण्यासारखं, लॉबीत, कॉफीच्या रांगेत सगळीकडे कोचच कोच, कॉलेजचं व्हॉलीबॉल चालवणारी माणसं समोर हिंडताना दिसतात. विमानतळही डाउनटाउनपासून दहा-पंधरा मिनिटांवर.

आता आक्षेप काय, तर नेब्रास्का फायनल फोरला असली की ओमाहा न्यूट्रल राहत नाही. खरंय. २००६ आणि २०१५ ला त्या तिथे जिंकल्याच. आणि २००८ ची सेमी घ्या, पेन स्टेटने त्या अख्ख्या सीझनमध्ये एकही सेट गमावला नव्हता, ओमाहात १७,४३० लोकांसमोर नेब्रास्काने त्यांच्याकडून दोन सेट काढले आणि मॅच पाचव्या सेटला नेली. जिंकली शेवटी पेन स्टेटच, पण ते दोन सेट पब्लिकने काढून दिले असं म्हटलं तर चूक नाही. समोरच्या टीमवर थोडा अन्याय होतो हे मला मान्य आहे, तरीही मी ओमाहाच्याच बाजूने बोलेन, कारण तिथल्या पब्लिकला खेळ कळतो. लिबेरोने (फक्त मागून बचाव करणारी खेळाडू) जमिनीला टेकता टेकता बॉल उचलला तर तो परक्या टीमचा असला तरी टाळ्या पडतात. २०२२ ला नेब्रास्का आधीच बाहेर पडली होती, फायनल टेक्सास आणि लुइव्हिलची होती, तरी अरीना ओकंबोकं नव्हतं.

लुइव्हिलचं आकर्षण वेगळं. ओहायो नदीच्या काठावर, अगदी डाउनटाउनमध्ये अरीना आहे आणि तिथे बास्केटबॉलला बावीस हजारांच्या आसपास लोक बसतात. २०२४ च्या फायनलला २१,८६० लोक होते, तोवरच्या कुठल्याही फायनलपेक्षा जास्त. लुइव्हिल स्वतःच्या गावात फायनल खेळत होती, समोर पेन स्टेट, आणि घरच्या एवढ्या गर्दीसमोर पेन स्टेट ३-१ ने जिंकली, म्हणजे होम क्राउड असला की निकाल ठरलेलाच असंही नाही. पेन स्टेटच्या कोच केटी शूमाकर-कॉली ही ट्रॉफी जिंकणाऱ्या पहिल्या महिला हेड कोच ठरल्या, महिलांच्या खेळात हे व्हायला २०२४ उजाडावं लागलं!

बसायच्या दृष्टीनेही लुइव्हिल बरं आहे. व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ बाय ९ मीटर, बास्केटबॉलचं साधारण २८ बाय १५, आणि आइस हॉकीचं मैदान तब्बल ६१ बाय २६. म्हणजे हॉकीसाठी बांधलेल्या अरीनात, खासकरून कोर्टच्या दोन्ही टोकांना, पक्क्या सीट खेळापासून लांब पडतात. आणि गंमत अशी की व्हॉलीबॉल समजून घ्यायला सगळ्यात उत्तम जागा तिथेच, एंड लाइनच्या मागे, थोडं वर. तिथून सेटर (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी) कुठे बघतेय, नेटवर ब्लॉक करणाऱ्या दोघी कशा सरकतायत, मागची जागा कोणी उघडी सोडलीय, सगळं एका नजरेत येतं. बाजूने बघितलं तर नुसता बॉल इकडून तिकडे जाताना दिसतो. मुलीला शिकण्यासाठी नेताय तर बास्केटबॉलच्या अरीनात टोकाची सीट घ्या, स्वस्तही पडते बहुतेक वेळा.

कोलंबस आणि टॅम्पा ही हॉकीची शहरं. एनएचएलची (व्यावसायिक आइस हॉकी लीग) टीम असली की डिसेंबरचा एक आख्खा आठवडा अरीना रिकामं ठेवायचं म्हणजे हॉकीवाल्यांना तेवढे दिवस बाहेरगावी खेळायला पाठवावं लागतं. ओमाहा, लुइव्हिल, कॅन्सस सिटी इथे एनएचएलची किंवा एनबीएची (व्यावसायिक बास्केटबॉल लीग) टीमच नाही, त्यामुळे हा तिढा येत नाही. तरी कोलंबसला कमी लेखू नका, भोवती बिग टेन या कॉलेज लीगची विद्यापीठं आहेत आणि २०२१ ला विस्कॉन्सिन-नेब्रास्का फायनलला १८,७५५ लोक आले होते.

टॅम्पा मात्र माझ्या गाडीच्या हिशोबाला छेद देतं. २०२३ ला फायनल टेक्सास आणि नेब्रास्काची, दोन्ही टीम लांबच्या, तरी १९,७२७ लोक! डिसेंबरात ऊन, नदीकाठचा रिव्हरवॉक, लोकांनी सुट्टीच जोडून घेतली असणार. पण नेब्रास्काचे फॅन कुठेही जातात, त्यांच्या जागी छोट्या विद्यापीठाची टीम असती तर एवढी गर्दी झाली असती का, मला शंका आहे. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील आणि थंडी सोसत नसेल तर मात्र डोळे झाकून टॅम्पा.

कॅन्सस सिटी या सगळ्यांचा मध्य. लिंकनहून तीन तास, डाउनटाउनमधली स्ट्रीटकार फुकट, अरीनाच्या दारात खाण्यापिण्याची ठिकाणं, फक्त विमानतळ जरा लांब. २०१७ ला नेब्रास्का तिथे जिंकली तेव्हा १८,५१६ लोक होते. २०२५ ला उलटं झालं, तोवर एकही मॅच न हरलेली नेब्रास्का रीजनल फायनलला घरच्याच कोर्टवर टेक्सास ए अँड एमकडून हरली, आणि मग ए अँड एमने कॅन्सस सिटीत केंटकीला ३-० हरवून पहिलं टायटल घेतलं. अशा वर्षी आधी तिकिटं काढून बसलेले फॅन ती विकायला काढतात, म्हणून गाडीने जाणार असाल तर रीजनल संपेपर्यंत थांबायला हरकत नाही. हॉटेल मात्र आधीच रद्द करता येईल असं बुक करा, कोचेसच्या अधिवेशनामुळे डाउनटाउनच्या खोल्या भराभर जातात.

शिकागोहून निघालात तर लुइव्हिल पाच तास, कोलंबस सहाच्या आत, ओमाहा सात, कॅन्सस सिटी आठ. मी शिकागोकडची असते तर लुइव्हिलला पुन्हा मिळेल तेव्हा गेले असते, आणि एकच फायनल फोर बघायची असेल तर ओमाहाची वाट बघितली असती.

टेक्सासवाल्यांना एवढं थांबायची गरज नाही, २०२६ ला सॅन अँटोनियोत आहे, ऑस्टिनहून दीड तास, ह्यूस्टनहून तीन. अलामोडोम हे फुटबॉलचं डोम आहे, ६४ हजारांचं, त्यात १८ मीटरचं कोर्ट, त्यामुळे सीटिंगचा नकाशा नीट बघून खालच्या पायऱ्यांची तिकिटं मिळत असतील तरच घ्या, वरून पोरीला सेटरचे हात दिसणार नाहीत.